‘सोनोग्राफीत काही निघाले नाही’ म्हणजे काय?

‘डॉक्टर, सोनोग्राफीत काही निघालं नाही ना? मग पेशंटला घरी नेऊ का?’ अपघात झालेल्या रुग्णाचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात. त्यामागची घाई समजण्यासारखी असते. पण बऱ्याच वेळा ‘इतक्यात नाही’ असे उत्तर द्यावे लागते. मग डॉक्टर उगाच अडकवून ठेवतात, बिल वाढवतात, असा समज होतो. म्हणून आज तातडीच्या वेळी रुग्णाच्या खाटेशेजारीच केल्या जाणाऱ्या सोनोग्राफीची माहिती घेऊ.

नेहमीची आणि तातडीची

माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. सोनोग्राफीच्या ध्वनिलहरी साधारण २० लाख ते दीड कोटी कंपनांच्या असतात. त्या अवयवांवर आपटून परत येतात आणि त्या प्रतिध्वनीवरून पडद्यावर चित्र उमटते. यात क्ष-किरण नसल्यामुळे ही तपासणी गरजेप्रमाणे पुन्हा पुन्हा करता येते.

नेहमीच्या सोनोग्राफीत तज्ज्ञ डॉक्टर एकेक अवयव सावकाश पाहून सविस्तर रिपोर्ट देतात. तातडीची सोनोग्राफी रुग्णावर उपचार करणारा, तिचे शिक्षण घेतलेला डॉक्टर स्वतःच करतो. मूतखडा किती मिलिमीटरचा आहे, हे त्याला पाहायचे नसते. त्याच्यापुढे मोजकेच प्रश्न असतात : पोटात रक्त साचले आहे का? हृदयाभोवती रक्त आहे का? फुप्फुसाबाहेर हवा अडकली आहे का? उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच हवे असते, आणि तेही दोन-चार मिनिटांत. रुग्णाला हलवावे लागत नाही, सलाईन-ऑक्सिजन चालू असतानाच तपासणी होते.

कोठे पाहतात?

पोटात रक्तस्राव झाला, तर रुग्ण उताणा असताना ते रक्त खोलगट जागी जमते. त्यामुळे डॉक्टर प्रामुख्याने चार जागा पाहतात : उजवीकडे यकृत व मूत्रपिंड यांच्यामध्ये, डावीकडे प्लीहा (पाणथरी) व मूत्रपिंड यांच्याभोवती, खाली ओटीपोटात आणि वर हृदयाच्या आवरणात. साचलेले ताजे रक्त पडद्यावर काळे दिसते. या तपासणीला डॉक्टर मंडळी ‘फास्ट’ म्हणतात. १९९० च्या दशकात ती जगभर रूढ झाली. रक्तदाब घसरलेला आणि पोटात रक्त दिसते आहे, अशा रुग्णाला वेळ न दवडता शस्त्रक्रियेसाठी नेता येते.

पुढे छातीचीही भर पडली. फुप्फुसात हवा असते आणि हवेतून या लहरी नीट जात नाहीत, म्हणून फुप्फुसाची सोनोग्राफी निरुपयोगी मानली जाई. फ्रान्समधील अतिदक्षता विभागाचे डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी हा समज खोडून काढला. फुप्फुसाचे आवरण श्वासाबरोबर सरकताना पडद्यावर दिसते. ते सरकणे थांबले तर बाहेर हवा अडकल्याचा संशय येतो. फुप्फुसात पाणी भरले असेल तर वरून खाली जाणाऱ्या उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात. धाप लागलेल्या रुग्णाच्या निदानाची यावर आधारलेली पद्धत त्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केली. एकाला दमा, दुसऱ्याचे हृदय कमजोर. धाप दोघांनाही सारखीच, पण औषधे वेगळी. तेथे ही तपासणी फार उपयोगी पडते.

तरुण विवाहितेच्या पोटात अचानक दुखून चक्कर आली, पाळीही चुकलेली असली, तर गर्भ नळीत राहून ती फुटल्याची शंका घ्यावी लागते. लघवीच्या तपासणीबरोबर खाटेशेजारची सोनोग्राफी येथे अक्षरशः जीव वाचवते.

‘नाही’ या उत्तराची मर्यादा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. साधारण २०० मिलिलिटरपेक्षा कमी रक्त असेल, तर ते या तपासणीत सहसा दिसत नाही. अपघातानंतर अर्ध्या तासात रुग्णालयात आलेल्या माणसाच्या पोटात तेवढे रक्त अजून साचलेलेच नसेल, असे होऊ शकते. शिवाय आतड्याला पडलेले छिद्र, पाठीच्या बाजूचा रक्तस्राव, डोक्याचा मार या गोष्टी तिच्यातून निसटतात. लठ्ठपणा किंवा पोटातील वायू यामुळेही चित्र अस्पष्ट येते. ‘हो’ या उत्तरावर पाऊल उचलता येते. ‘नाही’ या उत्तरावर निर्धास्त होता येत नाही.

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण देतो. मोटारसायकल घसरून हँडल पोटात लागलेला एक तरुण रुग्णालयात आला. चालत आला, बोलत होता; पहिली सोनोग्राफी स्वच्छ. घरची मंडळी निघण्याच्या तयारीत होती, पण समजावल्यावर थांबली. चार तासांनी त्याची नाडी १२० झाली आणि डावा खांदा दुखू लागला. खांद्याला मार नव्हता; आतले रक्त पोट व छाती यांच्यामधील पडद्याला टोचू लागले की खांदा दुखतो. दुसऱ्या सोनोग्राफीत प्लीहेजवळ रक्त दिसले. ताबडतोब शस्त्रक्रिया झाली व तो वाचला. हाच तरुण घरी झोपलेला असता तर काय झाले असते, याचा वाचकांनीच विचार करावा.

नातेवाईकांनी काय करावे?

१) अपघात केव्हा व कसा झाला, मार कोठे लागला, हे नेमके सांगा. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर न विचारता सांगा. स्त्री असल्यास शेवटच्या पाळीची तारीख सांगा.

२) डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत चहा, पाणी, हळदीचे दूध काहीही देऊ नका. शस्त्रक्रिया करावी लागली तर भरल्या पोटी भूल देणे धोक्याचे असते.

३) डॉक्टरांनी थांबायला सांगितले तर थांबा. पुन्हा सोनोग्राफी सांगितली म्हणजे पहिली चुकली, असे नव्हे. मोठ्या रुग्णालयात सीटी स्कॅनसाठी पाठवले तर उशीर करू नका.

४) घरी सोडल्यावर पोटदुखी वाढणे, पोट फुगणे, उलट्या, चक्कर, थंड घाम, चेहरा पांढरा पडणे, खांदा दुखणे, लघवी कमी होणे यांपैकी काहीही झाले, तर १०८ ला फोन करून परत आणा. पोट तेल लावून चोळू नका.

हे यंत्र आता हातात मावेल इतके लहान झाले आहे. त्यामुळे ‘ते घेऊन घरीच या’ असा आग्रह काही जण करतात. तसे करता येत नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि देशाने १९९४ मध्ये कायदा केला. त्यानुसार सोनोग्राफीची जागा व यंत्र यांची नोंदणी लागते आणि यंत्र वाटेल तेथे नेता येत नाही. मुलींच्या जिवासाठी हे बंधन आवश्यकच आहे. म्हणून अपघात झाल्यावर यंत्राची वाट पाहू नये, रुग्णाला लवकरात लवकर रुग्णालयात न्यावे, आणि तेथे गेल्यावर परतण्याची घाई करू नये.