अनामिक कविता आणि साहित्याचा वर्ग

उच्च शिक्षणातील नव्या अध्यापनपद्धतींचा विचार बहुधा साधनांपाशी थांबतो. वस्तुतः विद्यार्थी आणि साहित्यकृती यांच्यातील संबंध बदलतो की नाही, हीच नवतेची कसोटी होय. या दृष्टीने आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिज विद्यापीठात केलेला व 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' (१९२९) या ग्रंथात नोंदविलेला प्रयोग आजही विचारार्ह आहे.

रिचर्ड्स कवीचे नाव वगळून कविता विद्यार्थ्यांना देत, लेखी अभिप्राय मागवीत आणि पुढे त्या अभिप्रायांवरच व्याख्यान देत. कविता किती वेळा वाचली, हेही नोंदवावे लागे. ग्रंथात अशा १३ कविता आहेत. नावाचा आधार सुटताच डन, हॉपकिन्स यांच्या कवितांविषयीही वाचक गोंधळले. या गोंधळातून रिचर्ड्स यांनी वाचनातील १० अडचणी निश्चित केल्या. सरळ अर्थ न कळणे, असंबद्ध खाजगी आठवणी, साचेबंद प्रतिसाद, भावविवशता या त्यांपैकी काही. चुकलेले वाचन हीच अध्यापनाची सामग्री झाली, हे या पद्धतीचे मर्म होय.

मराठीच्या वर्गात तिची निकड उघड आहे. परीक्षेच्या दडपणाखाली मर्ढेकरांच्या कवितेआधी तिच्यावरील तयार टिपणे वाचली जातात. 'यंत्रयुग', 'वैफल्य' असे शब्द हाती आले की कविता वाचण्याचे प्रयोजनच उरत नाही.

तथापि ही पद्धती जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. अभंगात नाममुद्रा हा रचनेचाच घटक असतो. तुकोबांची मुद्रा गाळली तर चरणच मोडतो. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) मधील कवितेपासून मुंबईतील त्या वस्तीची बोली आणि जातिव्यवस्थेचे वास्तव दूर ठेवले, तर सरळ अर्थही निसटतो. येथे केवळ संहितेचा आग्रह हाही एक पूर्वग्रहच ठरेल.

म्हणून वाचनाचे दोन टप्पे करणे इष्ट. पहिल्या टप्प्यात शक्य तेथे कवी व काळ न सांगता लेखी अभिप्राय घ्यावा. अभंगाच्या बाबतीत मुद्रा राखून रूढ निरूपण तेवढे लांबणीवर टाकावे. दुसऱ्या टप्प्यात संदर्भ देऊन त्याच विद्यार्थ्याकडून अभिप्राय पुन्हा लिहून घ्यावा. संदर्भाने काय उलगडले आणि काय झाकोळले, हे दोन्ही अभिप्राय शेजारी ठेवल्यावर त्याला स्वतःलाच पडताळता येते.

यासाठी अध्यापकाला आपला अन्वयार्थ काही काळ राखून ठेवावा लागेल आणि प्रश्नपत्रिकेत अपरिचित कवितेला स्थान द्यावे लागेल. परीक्षा टिपणांचीच राहिली, तर वर्गातील कोणताही प्रयोग विद्यार्थ्याला पुन्हा टिपणांकडेच नेईल.