मुंबई ते दुबई : अंतर आणि वेळ

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या बुरोंडीत एखाद्या तांडेलाला मासेमारीची जागा किती लांब आहे असे विचारले, तर तो मैल सांगत नाही. "तीन तासांवर" म्हणतो. भूगोलाच्या पुस्तकात मात्र अंतर आधी येते. मुंबई व दुबई ही शहरे घेऊन मी दोन्हींचा हिशेब करून पाहिला. कोकणातील कित्येक घरांतला एखादा माणूस तिकडे असतो, म्हणून हीच शहरे निवडली.

पृथ्वी गोल असल्यामुळे नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ हा सर्वांत जवळचा मार्ग असतोच असे नाही. आमच्या गावी टेकडीवर पृथ्वीच्या अर्धगोलावर परशुरामाचा पुतळा उभा आहे. त्या अर्धगोलावरच्या दोन ठिकाणांमध्ये दोरी ताणून धरली, तर ती जिथून जाईल तो जवळचा मार्ग. यास बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. नकाशात न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेस दिसते, पण पृथ्वीगोलावर दोरी लावून पाहा. ती मुंबईहून उत्तरेच्या बाजूनेच निघते!

बृहद्‌वृत्ताचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घेऊन त्रिकोणमितीने कोन काढला, तो सव्वासतरा अंशांहून किंचित जास्त आला. म्हणजे अंतर सुमारे १,९२५ किलोमीटर.

आता वेळ. ताशी ८५० किलोमीटर वेग धरला तर सव्वादोन तास पुरावेत. परंतु धावपट्टीपर्यंत जाणे, वर चढणे, उतरण्यासाठी घिरट्या घालणे यांमुळे प्रवास तीन तासांच्या घरात जातो. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळे येताना वेळ थोडा कमी लागतो. घड्याळाची गंमत वेगळीच. भारताची वेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, दुबईची साठ रेखांशावरची. फरक साडेबावीस अंशांचा, म्हणजे दीड तासाचा. म्हणून वेळापत्रकात जाण्यास दीड तास व येण्यास साडेचार तास लागल्यासारखे दिसते.

माझे काका दुबईत गवंडीकाम करतात. आजी वारली तेव्हा त्यांना पहाटे पाचला फोन गेला. रजा आणि तिकीट मिळण्यात दिवस गेला. रात्री दहाचे विमान मुंबईस अडीचला उतरले, आणि काका घरी पोचले सकाळी दहाला. अंत्यविधी आदल्या संध्याकाळीच उरकले होते. एकोणतीस तासांपैकी विमानाचे तास तीन.

मुंबई विमानतळ ते बुरोंडी हे सरळ हवाई अंतर अवघे १५५ किलोमीटर भरते. रस्ता खाड्यांना वळसे घालीत, घाट चढत-उतरत येतो, तो सुमारे सव्वादोनशे होतो. सामान घेऊन बाहेर पडण्यात गेलेला एक तास वजा केला, तर काकांच्या गाडीचा वेग ताशी पस्तीस किलोमीटर पडतो. विमानाने जेवढ्या वेळात अरबी समुद्र ओलांडला, तेवढ्या वेळात ती गाडी जेमतेम नागोठण्याच्या पुढे आली होती.