शाईचे पेन अडते तेव्हा



परीक्षा जवळ आल्या की वर्गात एक प्रकार हमखास घडतो. लिहिता लिहिता कोणी तरी पेन झटकतो आणि पुढच्या बाकावरच्या मुलाच्या सदऱ्यावर निळी नक्षी उमटते. झटकल्यावर पेन चार ओळी लिहिते आणि पुन्हा अडते. दोन-तीन दिवसांनी ते कचऱ्यात जाते व घरी नव्या पेनाची मागणी होते. वास्तविक अशी बहुतेक पेने बिघडलेली नसतात, मळलेली असतात.

देवनागरी लिहिणाऱ्याला हा दोष लवकर जाणवतो. अक्षर काढताना हात वारंवार उचलला जातो, तेवढ्या वेळात निबेपाशी शाई भरून येते. शिरोरेषा मात्र एका दमात ओढायची असते. त्यामुळे अडणाऱ्या पेनाने अक्षरे बरी उमटतात, पण शिरोरेषा मध्येच फिकी पडते. मग मूल पेन दाबून लिहू लागते, बोटे दुखतात, निबेची टोके फाकतात आणि अक्षर खरोखरच बिघडते. पालकांनी अक्षरावरून रागावण्याआधी एकदा पेन हातात घेऊन पाहावे.

शाई निबेपर्यंत येते कशी, हे कळले की दुरुस्ती सोपी होते. निबेच्या खाली काळी जीभ असते. तिला बारीक चिरा असतात. विज्ञानाच्या पुस्तकातले केशाकर्षण येथे काम करते : अरुंद चिरेतून शाई पुढे ओढली जाते आणि निबेच्या फटीतून कागदावर उतरते. पण शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे. तेलाच्या डब्याला आपण दोन भोके पाडतो, एकातून तेल येते व दुसऱ्यातून हवा जाते, तसेच हे आहे. न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतले ते अशाच जिभेचे. चिरांमध्ये वाळलेली शाई किंवा कागदाचा भुसा बसला की दोन्ही वाटा बंद होतात.

धुण्याआधी एक परीक्षा करावी. निब शाईच्या बाटलीत बुडवून लिहून पाहावे. एक-दोन ओळी नीट लिहून पेन पुन्हा कोरडे पडले, तर दोष जिभेत आहे. बुडवूनही लिहीत नसेल, तर निबेची फट मळलेली किंवा घट्ट मिटलेली आहे.

आता धुणे. उरलेली शाई काढून टाकावी. निबेचा भाग आटे फिरवून वेगळा करावा आणि साध्या पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी ड्रॉपरने मागच्या बाजूने जोराने पाणी सोडावे, पुढून निळे पाणी निघेल. ते स्वच्छ येईपर्यंत हे करत राहावे. पाणी कोमट चालेल, उकळते मुळीच नको. प्लास्टिकची जीभ वाकते. फारच घट्ट बसलेल्या शाईसाठी पाण्यात भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचा एक थेंब टाकावा, मात्र नंतर साबण पूर्ण निघाला पाहिजे. बोअरचे जड पाणी असेल तर शेवटचे धुणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने करावे, नाही तर क्षार आत सुकतात.

एवढ्याने काम झाले नाही तरच निब व जीभ दोन्ही एकत्र चिमटीत धरून सरळ ओढून काढावीत. पिरगळू नयेत. लहान मुलांनी हे मोठ्यांकडून करून घ्यावे. जिभेच्या चिरा जुन्या मऊ टूथब्रशने घासाव्यात. टाचणी किंवा ब्लेड घालण्याचा मोह आवरावा, चीर एकदा रुंद झाली की पेन गळू लागते. परत बसवताना निबेची फट जिभेच्या बरोबर मध्यावर आली पाहिजे. मग निब खाली करून जुन्या सुती कापडावर ठेवावी, म्हणजे उरलेले पाणी शोषले जाईल. पाणी राहिले तर शाई फिकी उमटते, आणि पेन अजून बिघडलेलेच आहे असे वाटते.

आदिलाबादच्या उन्हाळ्याविषयी वेगळे सांगायला हवे. एप्रिल-मे मध्ये टोपण उघडे राहिले की निबेवरची शाई पाहता पाहता वाळते. याउलट अर्धे रिकामे पेन खिशात तापले की आतली हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणून ड्रॉपरने भरायच्या पेनात एक तृतीयांश शाई उरली की ते पुन्हा भरावे. सुटीत मात्र पेन धुऊन, सुकवून रिकामेच ठेवावे. जूनमध्ये ‘पेन खराब झाले’ ही तक्रार निम्म्याने कमी होईल.

शाई फाउंटन पेनाचीच वापरावी. चित्रकलेची जलरोधक काळी शाई पेनात गेली तर वाळून लाखेसारखी घट्ट बसते. दोन कंपन्यांच्या शाया मिसळू नयेत, कधी कधी त्यांचा साका होतो. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातून पुढे कॅम्लिन उभे राहिले. पुडीची शाई विरघळवून, गाळून दौतीत भरणारे आजोबा काही घरांत असतील, त्यांना गाळण्याचे कारण जरूर विचारा. आपल्या शेजारच्या आंध्रातही राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हाताने स्वदेशी पेन घडवले. ते मिळाल्यावर गांधीजींनी १९३५ साली त्यांना पत्र पाठवले होते.

विश्वस्त मंडळींना एक छोटी विनंती. प्रत्येक वर्गाच्या कपाटात एक ड्रॉपर, शाईची एक बाटली आणि जुन्या सुती कापडाचे तुकडे ठेवता आले, तर शनिवारच्या शेवटच्या तासाला मुले आपापली पेने स्वतःच धुतील. फरशी निळी होईल, तेव्हा हे काम अंगणातल्या नळाजवळ ठेवलेले बरे.