पाऊस आला नाही, हे कोडला कोण सांगणार?

‘पोरगी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट शिकायचं म्हणते. हा बिटकॉइनचाच सट्टा ना?’ यवतमाळ-पुसदकडच्या पालकांची ही धास्ती रास्त आहे. पण हे समजायला आपला फळपीक विमा पुरेसा आहे.

हवामानावर आधारित या विम्यात संत्र्याची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवरून ठरते. पाऊस किंवा तापमानानं ठरलेली मर्यादा ओलांडली, की भरपाई लागू. तरी पैसे खात्यात येईपर्यंत मधे कागद आणि मंजुऱ्या असतातच. हाच ‘जर-तर’चा नियम ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर सारखीच जपलेल्या सामाईक नोंदवहीवर, प्रोग्रॅम म्हणून लिहिला, रक्कम आधीच त्यात ठेवली आणि घटनेची नोंद येताच ती आपोआप वळती झाली, की झालं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. २०१५मध्ये इथेरियम हे ब्लॉकचेन सुरू झालं आणि असे करार प्रत्यक्षात लिहिता येऊ लागले. फ्रान्सच्या आक्सा कंपनीनं २०१७मध्ये विमान दोन तास उशिरा आलं तर आपोआप भरपाई देणारा विमा काढला. २०१९मध्ये तो बंदही केला. म्हणजे तंत्र चाललं तरी धंदा चालेलच असं नाही, हे मुलांना आधीच सांगा.

खरी अडचण पुढे आहे. प्रोग्रॅमला आभाळ दिसत नाही. बाहेरची नोंद त्याच्यापर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेला ‘ओरॅकल’ म्हणतात. आपल्याकडे एका शिवारात धो धो पडतं आणि बांधापलीकडे थेंब नसतो. पर्जन्यमापकात कचरा अडकला असेल, तर कोड तितक्याच काटेकोरपणे चुकीचे पैसे देईल. आणि गेलेले पैसे सहसा परत येत नाहीत. चूक खुद्द कोडमध्येही असू शकते: २०१६मध्ये ‘द डाओ’ या कराराच्या कोडमधल्या एका फटीतून सुमारे ३६ लाख इथर (इथेरियमचं नाणं) काढून घेतले गेले. म्हणून कोड तपासणाऱ्या ऑडिटरला या क्षेत्रात मान आहे, आणि शेतावर वाढलेल्या मुलाला ‘ही नोंद खरी कशावरून?’ हा प्रश्न शहरातल्या मुलाआधी सुचतो.

आता प्रवेशाचं. ‘ब्लॉकचेन’ नावाच्या महागड्या कोर्समागे धावू नका. यवतमाळचं शासकीय किंवा पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय असो, पाया संगणकशास्त्राचाच घ्या: प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, नेटवर्क, क्रिप्टोग्राफी. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिण्याची सॉलिडिटी ही भाषा त्यानंतर. ती लिहून पाहायचं ‘रीमिक्स’ हे साधन ब्राउझरमध्येच चालतं, चाचणी नेटवर्कवरचं इथर फुकट मिळतं, एनपीटीईएलवर ब्लॉकचेनचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. शिकायला एकही नाणं विकत घ्यावं लागत नाही. कुणी आधी गुंतवणूक करायला सांगितली, तर तिथून उठा.

दुसऱ्या वर्षात मुलानं एवढं करून दाखवावं: आपल्या महसूल मंडळाच्या पावसाच्या नोंदी घ्याव्यात, चाचणी नेटवर्कवर विम्याचा छोटा करार लिहावा, मग मुद्दाम एक खोटी नोंद घालून किती भरपाई चुकते ते मोजावं आणि ती चूक पकडणारी तपासणी लिहावी. मुलाखतीत प्रमाणपत्राआधी हेच पुढे ठेवावं.