बैलाचे पोट आणि घोड्याचे पोट

बीड जिल्ह्यातील शेतकऱ्यास गुराढोरांचे ज्ञान जणू उपजतच लाभलेले असते. बैलाच्या रवंथावरून तो त्याची प्रकृती ओळखतो. परंतु हेच ज्ञान घोड्यास लागू केले की घात होतो. मेंढपाळांचे बिऱ्हाड वाहणारी तट्टे, वरातीच्या घोड्या, माळेगावच्या खंडोबा यात्रेत खरेदी केलेली जनावरे ज्या घरी असतात, तेथे एका घोड्याचा मृत्यू म्हणजे वर्षाची कमाई बुडणे होय. म्हणून हा विषय शिक्षकांनी वर्गात आणि पंचांनी चावडीवर अवश्य बोलावा.

बैलाचे पोट चार कप्प्यांचे असते, घोड्याचे एकच. तेही देहाच्या मानाने लहान, साधारणतः 8 ते 15 लिटर मावेल इतके. घोडा रवंथ करीत नाही. चाऱ्यातील काष्ठमय भाग आंबून पचतो तो पुढे, अंधांत्रात व मोठ्या आतड्यात. त्यास पित्ताशय नसते. पित्त सतत झिरपत राहते. थोडे थोडे, दिवसभर खाणे हाच त्याचा निसर्गधर्म आहे. अन्ननलिका पोटास मिळते तेथील स्नायू इतका बळकट असतो, की घोड्यास सहसा ओकता येत नाही. एकदम भरपूर धान्य खाल्ले व ते आत फुगले, तर पोट फाटण्यापर्यंत पाळी येते.

तीनशे किलो वजनाच्या घोड्यास दररोज पाच ते सहा किलो कोरडा चारा आणि 20 ते 30 लिटर स्वच्छ पाणी लागते. उन्हाळ्यात व कामाच्या दिवसांत पाणी याहूनही अधिक. चंदी दोन-तीन वेळांत विभागून द्यावी. एका वेळी ती दीड किलोहून अधिक नसावी. चारा बदलणे झाल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. टंचाईच्या वर्षी मिळेल ते वैरण एकाएकी पुढे टाकले जाते, आणि तेथेच पोटशुळाची सुरुवात होते. बुरशी लागलेला कडबा घोड्यास मुळीच घालू नये. कोवळ्या ज्वारीने बैलास किराळ लागते, हे सर्वांस ठाऊक आहे. घोड्याच्या बाबतीत ती काही आठवडे चरण्यात आली तर मज्जारज्जूस इजा होऊन मागील पाय लुळे पडतात व मूत्र ठिबकू लागते, हे मात्र फारसे कोणास माहीत नसते.

घोडा वारंवार कुशीकडे पाहतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, घामाघूम होतो आणि लीद टाकीत नाही, ही पोटशुळाची लक्षणे होत. निरोगी घोड्याची नाडी मिनिटास 28 ते 44 असते. ती साठाच्या पुढे गेल्यास स्थिती गंभीर समजावी. अशा वेळी बैलास पाजतात तसे नळ्याने तेल वा औषध घशात ओतू नये. ते फुप्फुसात गेल्यास दुसरेच संकट ओढवते. चारा काढून घ्यावा, घोड्यास सावकाश फिरवावे आणि पशुवैद्यकास तातडीने बोलवावे.

घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. शिंगरू तासाभरात उभे राहावे, दोन तासांत आचळास लागावे. मातेच्या रक्तातील रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भावस्थेत त्यास मिळत नाहीत. ती चिकातून, आणि पहिल्या बारा तासांतच, घ्यावी लागतात. गाईचा वार पडण्यास बारा तास वाट पाहण्याची आपली सवय घोडीस घातक ठरते. तिचा वार तीन तासांत न पडल्यास तो तातडीचा प्रसंग समजावा.

धनुर्वाताची लागण घोड्यास फार लवकर होते. खुरात खिळा शिरला तर जखम क्षुल्लक मानू नये. लस आधीच टोचलेली असावी.

ग्लँडर्स हा रोग मनुष्यासही होतो. नाकातून चिकट स्राव, कातडीवर गाठी व व्रण, ताप ही त्याची चिन्हे असून त्यावर लस उपलब्ध नाही. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमाखाली संशयित जनावराची माहिती मालकाने ग्रामअधिकारी अथवा ग्रामपंचायतीस देणे बंधनकारक आहे; तेथून ती पशुवैद्यकाकडे लेखी कळविली जाते. तपासणी होईपर्यंत त्या जनावराचा तोबरा, बादली व खराऱ्याचा ब्रश दुसऱ्या जनावरास वापरू नये, आणि उघड्या हातांनी त्याचे नाक पुसू नये.