मुलाखतीला जाण्यापूर्वी

तेलीबांधा, रायपूर

चि. बाळ,


राज्य लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीचं पत्र आल्याचं कळलं, घरात सगळ्यांना आनंद झाला. छाप कशी पाडायची, असं तू विचारलं आहेस. मुलाखत मंडळासमोर तुझा अर्ज असतो. त्यातल्या प्रत्येक ओळीवर तुला मनापासून बोलता आलं, की छाप आपोआप पडते.

अर्जात पत्ता आमचाच, तेलीबांधाचा, लिहिला आहेस, तेव्हा इथल्या तळ्याबद्दल विचारतील. ‘तळ्याकाठचा मरीन ड्राइव्ह छान झालाय’ एवढ्यावर थांबू नकोस. तू सिव्हिल इंजिनिअर आहेस. पावसाचं पाणी तळ्यात कुठून उतरतं, जादा पाणी कुठून बाहेर पडतं, संध्याकाळी जीई रोडवर गाड्या नेमक्या कुठे तुंबतात, हे काठाने फेरी मारून बघ. स्वतः पाहिलेलं सांगताना आवाजात जोर येतो, तो पाठांतराने येत नाही.

अर्जात मातृभाषा मराठी आहे. ‘मग छत्तीसगडशी नातं काय?’ असं विचारलं तर मनाला लावून घेऊ नकोस. १८५४ पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचं राज्य होतं, हे सांग; पण माधवराव सप्रे यांचं नाव आधी घे. मराठी घरातल्या या माणसाने १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केलं, पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं. नातं कामातून जोडलं जातं, हे त्यांच्याकडे बघून कळतं.

जे येत नाही, त्याला ‘माहीत नाही, सर’ म्हणून मोकळी हो. अंदाजाने आकडा ठोकून दिलास, तर पुढचा प्रश्न त्याच आकड्यावर येतो आणि बरोबर दिलेल्या उत्तरांवरचाही विश्वास उडतो. समोरच्याचा प्रश्न पुरा होऊ दे, मगच बोल. उत्तर सगळ्यांकडे बघून दे.

कपडे साधे, इस्त्रीचे असू देत. मूळ प्रमाणपत्रं पत्रात दिलेल्या क्रमानेच फाइलीत लाव. आदल्या दिवशी मुक्कामाला इकडेच ये. सकाळी नवा रायपूरला मी सोडीन.

आजच अर्जाची प्रत काढ आणि प्रत्येक ओळीवर स्वतःला प्रश्न विचार. उत्तरं लिहून ठेवू नकोस, कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने बोलून बघ. तुझी मेहनत आम्ही पाहिली आहे; आता ती मंडळालाही दिसू दे.

तुझा,
काका