सत्संग आणि एकटेपण

भरल्या सभामंडपातही मनुष्य एकटा असू शकतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु देवळाच्या आवारातच लहानाचे मोठे झालेल्या आम्हांस ती नित्य दिसते. आरतीच्या वेळी टाळ-झांजांचा गजर चाललेला असतो आणि खांबाशी उभे असलेले एखादे वृद्ध गृहस्थ तीर्थप्रसाद घेऊन, कोणाशी चकार शब्द न बोलता घरी परततात. पत्नी निवर्तलेली, मुले नोकरीनिमित्त परगावी. त्यांना देव भेटला. माणूस मात्र भेटला नाही.

एकटेपण म्हणजे केवळ मनाचा हळवेपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ सालच्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांत एकाला ते ग्रासते, आणि त्याचे दुष्परिणाम शरीरप्रकृतीवरही होतात.

मग देवळात येण्याने ते दूर होते काय? चेयून लिम व रॉबर्ट पुटनॅम या अभ्यासकांनी अमेरिकेतील लोकांची पाहणी करून २०१० साली मांडलेला निष्कर्ष मननीय आहे. नियमाने उपासनेस जाणारे लोक अधिक समाधानी आढळले खरे. परंतु हे समाधान मुख्यतः त्यांच्या वाट्यास आले, ज्यांचे त्या मंडळीत जिवलग स्नेही होते. नुसत्या हजेरीने ते लाभले नाही.

आपल्या वारकरी परंपरेतील सप्ताहाची रीत पाहिली म्हणजे याचे मर्म ध्यानी येते. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहारे वाटून दिलेले असतात. एकाचा पहारा संपला की तो दुसऱ्याच्या गळ्यात वीणा घालतो आणि उभयता एकमेकांच्या पाया पडतात. मध्यरात्रीच्या पहाऱ्यास ज्याचे नाव लागले असेल, त्याची वाट पाहत एक मनुष्य तेथे निश्चित उभा असतो. आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, ही जाणीव एकटेपणावर मोठा उतारा होय. पुढे काल्याच्या दिवशी घराघरांतून आलेले पोहे, लाह्या, दही एकत्र कालवले जाते. मग कोणाचे काय, हे सांगता येत नाही.

यास्तव सभासद कुटुंबांस आमची विनंती अशी की, एकट्या माणसाची कीव न करता त्याच्याकडे काम मागावे. कोणी वाती वळाव्यात, कोणी हार गुंफावेत, कोणी पहाऱ्यांची यादी सांभाळावी. ज्यास गाता येत नाही, त्याच्या हाती टाळ द्यावेत. नेहमी येणारी व्यक्ती दोन दिवस दिसली नाही, तर तिच्या घरी प्रसाद घेऊन जावे आणि घटकाभर बसावे. कोणाचे मन दीर्घकाळ खचलेले आढळल्यास त्यास डॉक्टरांकडेही न्यावे. भजन हा औषधोपचाराचा पर्याय नव्हे.

येत्या एकादशीस भजनाला बसताना प्रत्येकाने आपल्या शेजाऱ्याचे नाव तेवढे विचारावे. आरंभास इतके पुरे.